रेडवुड पाहायचं तर गाडीतून लवकर उतरा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: जुलैमध्ये सांगलीहून आई-बाबा येताहेत. बाबा ७१ वर्षांचे, गुडघा दुखरा, पण सपाटीवर मैलभर चालतात. मुलगा ९ वर्षांचा, त्याला सायकलीशिवाय दुसरं काही सुचत नाही. तुम्ही कॅलिफोर्नियात सॅन होजेत राहता आणि हाताशी तीन दिवस आहेत. रेडवुड, म्हणजे जगातली सगळ्यात उंच झाडं, दाखवायला थेट उत्तरेला रेडवुड नॅशनल पार्क गाठावं, की सॅन फ्रान्सिस्कोजवळचं म्युअर वुड्स हे जंगल बघून परत यावं? आणि मुलाला झाडांमधून सायकल कुठं चालवता येईल?

मी पंचवीस वर्षं साउथ बेमध्ये, म्हणजे तुमच्या सॅन होजेच्याच भागात राहते. त्यातली अठरा वर्षं शनिवारी सकाळी सांताक्रूझच्या डोंगरात लोकांना झाडं दाखवत फिरवते. त्यांत निम्मे तरी भारतातून आलेले आई-वडील असतात. हिवाळ्यातल्या पावसानं वाटा खचतात, त्या दुरुस्त करायलाही जाते. त्या अनुभवावरून सांगते.

‘कुठलं जंगल सगळ्यात भारी’ हा तुमचा खरा प्रश्न नाही. गुडघा, सायकल आणि तीन दिवस हे एका सहलीत कसं बसवायचं, हा खरा प्रश्न आहे. त्याचं निम्मं उत्तर एका नियमात आहे. हजार-हजार वर्षांची जुनी झाडं जिथं उभी आहेत, तिथल्या पायवाटांवर सायकलीला जवळजवळ सगळीकडे बंदी असते. सायकलीला मोकळीक असते ती जुन्या लाकूडतोडीच्या रस्त्यांवर आणि उखडलेल्या रेल्वेमार्गांवर, आणि तिथली झाडं तोडीनंतर उगवलेली, म्हणजे दुसऱ्या पिढीची असतात. म्हणून चालण्याची जागा आणि सायकलीची जागा वेगळी धरा. दोन्ही एकाच वाटेवर शोधत बसलात तर दिवस शोधण्यातच जाईल.

हा नियम कशासाठी, ते मुलाला निघण्याआधी जरूर सांगा. कारण कळलं की मुलं नियम मोठ्यांपेक्षा नीट पाळतात. तीनशे फूट उंच झाडाची मुळं खोल असतील असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात रेडवुडला सोटमूळ नसतं. मुळं सहा ते बारा फूटच खाली जातात, पण आजूबाजूला शंभर फुटांपर्यंत पसरतात आणि शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात. पाणी शोषणारी बारीक मुळं तर अगदी वरच्या थरात असतात. माती चाकांनी किंवा पावलांनी दाबली गेली की झाडाची तहान भागत नाही. जगातलं सगळ्यात उंच झाड, हायपेरियन, २००६ मध्ये सापडलं. त्याची उंची ११५ मीटरहून जास्त आहे. तिथं वाट नसताना लोक झुडपं तुडवत जायला लागले आणि बुंध्याभोवतीचे नेचे पार नाहीसे झाले. शेवटी २०२२ मध्ये पार्कनं तो भाग बंद केला. आता तिथं जाणाऱ्याला ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून ‘सगळ्यात उंच झाड’ ही यादीतली ओळ आजच खोडा.

आता उत्तरेचं. तीन दिवसांत उत्तरेला जाऊ नका. हे मी ठामपणे सांगते, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, वाळव्याकडचे शेतकरी. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना सगळ्यात मोठं तेच दाखवायचं, या हौसेनं मी दोन रात्रींत उत्तर गाठली. सॅन होजेहून ते अंतर साडेतीनशे मैलांहून जास्त आहे. जेवण, चहा, पेट्रोल धरून जाताना नऊ तास गेले आणि येताना जवळपास तेवढेच. अण्णांचे पाय सुजले. लेडी बर्ड जॉन्सन ग्रोव्हमध्ये, जिथं दीड मैलाची इतकी सुरेख सपाट वाट आहे, ते वीस मिनिटं चालले आणि ‘तुम्ही बघून या’ म्हणून गाडीत जाऊन बसले. झाडं तिथंच होती, आम्हीच शिणलो होतो. तेव्हापासून मी बेत आखताना मैल मोजत नाही, गाडीबाहेरचे तास मोजते.

तुमच्यासाठी पहिला दिवस हेन्री काउवेल रेडवुड्स स्टेट पार्कचा. फेल्टन गावाला लागून आहे आणि हायवे १७ नं तुमच्यापासून पाऊण तासावर. या रस्त्याला वळणं फार आहेत. आईंना गाडी लागत असेल तर त्यांना पुढच्या सीटवर बसवा. जुन्या झाडांचा फेरा मैलभराहूनही कमी, अगदी सपाट आणि व्हीलचेअर जाईल असा आहे. मध्ये बसायला बाकं आहेत. इथलं सगळ्यात उंच झाड २७५ फुटांच्या आसपास आहे. उत्तरेतली झाडं याहून शंभर फूट उंच आहेत हे खरं. पण खाली उभ्या माणसाला अडीचशेच्या पुढचा फरक कळत नाही, शेंडा दोन्हीकडे दिसत नाही. वाटेत फ्रीमाँट ट्री नावाचं आगीनं पोखरलेलं झाड लागतं. त्याच्या ढोलीत वाकून शिरलं की आत बरीच माणसं उभी राहतात. मुलाला आत नेऊन एक मिनिट गप्प उभं करा, डोळे सरावले की कोळशासारख्या काळ्या भिंती दिसायला लागतात.

या फेऱ्यावर मी लोकांना दोन गोष्टींपाशी हमखास थांबवते. पहिली म्हणजे पांढरं रेडवुड. काही फुटव्यांत हरितद्रव्यच नसतं, त्यांची पानं मेणासारखी पांढरी असतात. स्वतःचं अन्न करता येत नाही, म्हणून तो फुटवा मूळ झाडाच्या मुळांवर जगतो. ते चटकन नजरेस पडत नाही. पार्कच्या माणसाला विचारलं तर दाखवतो.

दुसरी गोष्ट पायाशी असते. झाडांखाली जो हिरवा गालिचा दिसतो, तो रेडवुड सॉरेलचा. आईंना दाखवा, त्या लगेच म्हणतील, ‘ही तर आंबुशी!’ आणि बरोबरच आहे, कूळ तेच. तीन बदामी पानं, फक्त आपल्या कुंडीतल्या आंबुशीपेक्षा बरीच मोठी. ही पानं सावलीला इतकी सोकावलेली असतात की फांद्यांमधून उन्हाचा कवडसा थेट पडला की पाच-सहा मिनिटांत छत्री मिटावी तशी खाली मिटतात आणि ऊन सरकलं की पुन्हा उघडतात. बाबांना बाकावर बसवा, समोर कवडशातलं एक पान निवडा आणि बघत राहा. ज्या गुडघ्यामुळे तुम्ही काळजीत आहात, त्याच गुडघ्यामुळे त्यांना हे दिसेल. भरभर चालणाऱ्यांच्या नजरेतून ते निसटतं.

याच पार्कात पाइपलाइन रोड नावाचा डांबरी रस्ता आहे आणि त्यावर सायकल चालते. सुरुवातीचा भाग सॅन लोरेन्झो नदीच्या कडेनं जातो, तो मुलाला जमेल. पुढं चढ लागतो आणि येताना तोच उतार होतो. ९ वर्षांच्या मुलाला त्या उतारावर एकटं सोडू नका, चढ सुरू झाला की मागं फिरा. तुम्ही दोघं सायकलीवर असाल तेवढ्या वेळात आई-बाबांना शेजारच्या रोअरिंग कॅम्पच्या वाफेच्या गाडीत बसवता येतं. ती गाडी रेडवुडमधूनच डोंगर चढते.

वेळेबद्दल सांगते. सकाळी नऊच्या आत पोचा. गर्दी हे एक कारण, दुसरं धुकं. कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात पाऊस नसतो. आपल्याकडे जुलै म्हणजे धो धो पाऊस, इथं महिनोन् महिने थेंब नाही. तरीही इतकी उंच झाडं तगतात ती समुद्रावरून येणाऱ्या धुक्यावर. धुकं पानांवर साचतं, त्याचं पाणी होऊन खाली ठिबकतं, काही थेट पानांतून आत शोषलं जातं. वर्षभरात झाडाला मिळणाऱ्या पाण्यातला तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास वाटा या धुक्याचा असतो. म्हणून रेडवुड किनाऱ्यालगतच्या चिंचोळ्या पट्ट्यातच आहे: दक्षिणेला बिग सर, उत्तरेला ओरेगॉनची वेस, मधे सुमारे साडेचारशे मैल. धुकं असेल त्या दिवशी ‘आज काही दिसणार नाही’ म्हणून बेत रद्द करू नका, जंगल तेव्हाच सगळ्यात सुंदर असतं. मात्र गारठा असतो. सॅन होजेत ऊन तापलेलं असलं तरी सगळ्यांना स्वेटर घ्या. बाबांना कानटोपी आवडत असेल तर तीही.

दुसरा दिवस फॉरेस्ट ऑफ निसीन मार्क्सचा, ॲप्टोस गावाजवळ. सायकलीसाठी माझी पहिली पसंती हीच. ॲप्टोस क्रीक फायर रोड हा कच्चा पण रुंद रस्ता आहे. पिकनिकच्या जागेपर्यंत चढ अगदी हलका, त्याच्या पुढं वाढत जातो. १८८३ ते १९२३ या चाळीस वर्षांत हा अख्खा डोंगर तोडला गेला. ओंडके बाहेर काढायला दरीत रेल्वे टाकली होती. त्या काळच्या मार्गानंच आजची वाट जाते, म्हणून चढ इतका सोसवणारा. पुढं मार्क्स कुटुंबातल्या भावंडांनी १९६३ मध्ये ही जमीन आपल्या आईच्या नावानं सरकारला दिली. निसीन हे त्या आईचं नाव. १७ ऑक्टोबर १९८९ च्या मोठ्या भूकंपाचं केंद्र याच जंगलात होतं, हे मुलाला सांगा, त्याला ते सगळ्यात जास्त आवडेल.

इथली झाडं शंभर वर्षांची, म्हणजे रेडवुडच्या मानानं पोरं. काही लोक म्हणतात, त्यात काय बघायचं? पण मी अण्णांना दुसऱ्या वेळी इथंच आणलं. वाटेच्या कडेला जुना खुंट होता, खोलीएवढा रुंद, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच, दोन बाजूंना तळहाताएवढ्या खोबणी. तोडणारे त्या खोबणींत फळ्या खोचून त्यावर उभे राहायचे, कारण बुंधा खाली फार रुंद असतो. खुंटाभोवती आठ-दहा सरळसोट झाडांचं कडं. अण्णांनी खुंटावर हात ठेवला, भोवतीची झाडं एकेक करून मोजली आणि म्हणाले, ‘हा तर खोडवा की!’ मी इतकी वर्षं ‘मूळ झाडाच्या बुंध्यातून फुटवे येतात’ वगैरे समजावत होते, त्यांनी एका शब्दात सांगून टाकलं. ऊस तोडल्यावर जमिनीतल्या बुडख्याला जसे कोंब येतात, तसंच. सुईपर्णी झाडांत ही ताकद फार थोड्यांकडे आहे. तुमचे बाबा सांगलीचे आहेत, त्यांना हे मी सांगायची गरज नाही. त्यांना फक्त खुंटाजवळ न्या.

मुलाच्या सायकलीबद्दल. टायर थोडे रुंद आणि खाचांचे हवेत. रस्त्यावरची बारीक टायरची सायकल खडीत घसरते. हेल्मेट घालायलाच हवं, कॅलिफोर्नियात १८ वर्षांखालच्यांना कायद्यानंच सक्ती आहे. हँडलला घंटी लावा. चालणाऱ्यांना आणि घोड्यांना वाट द्यायची, मागून जाताना आवाज द्यायचा आणि घोडा दिसला की उतरून थांबायचं. झाडांची सावली दाट असल्यामुळे उन्हातून सावलीत शिरताना क्षणभर काही दिसत नाही आणि मुलं नेमकी तिथंच पडतात. वळणाआधी ब्रेक दाबायची सवय लावा, वळणात नको.

तिसरा दिवस मी मोकळा ठेवला असता. पण म्युअर वुड्स मनात असेल आणि बाबांना गोल्डन गेट पूलही पाहायचा असेल तर तो या दिवशी करा. जागा अप्रतिम आहे. विल्यम केंट यांनी विकत घेऊन वाचवलेलं हे जंगल १९०८ मध्ये राष्ट्रीय स्मारक झालं. दरीच्या तळाशी फळ्यांची सपाट वाट आहे आणि पुलापुलावरून मागं फिरता येतं, म्हणून गुडघ्याला सोयीचं. पण पार्किंगचं आरक्षण आधीच करावं लागतं आणि तिथं फोनला सिग्नल नसतो, म्हणून पास घरूनच फोनमध्ये उतरवून घ्या. आतल्या पायवाटांवर सायकल चालत नाही. सायकल सोबत नेलीच असेल तर पुढं सॅम्युएल पी. टेलर पार्कमधल्या क्रॉस मरिन ट्रेलवर जा. तोही जुना रेल्वेमार्गच, बराचसा डांबरी, सपाट, रेडवुडच्या सावलीतून लागुनिटस ओढ्याच्या कडेनं जाणारा. फक्त सॅन होजेहून जायला दोन तास लागतात हे लक्षात ठेवा.

बिग बेसिनबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी सुचवेलच. १९०२ मध्ये झालेलं ते कॅलिफोर्नियातलं सगळ्यात जुनं स्टेट पार्क. ऑगस्ट २०२० च्या वणव्यात त्याचा ९७ टक्क्यांहून जास्त भाग जळला. रेडवुडची साल फूटभर जाड असू शकते, त्यामुळे बहुतेक मोठी झाडं वाचली. काळ्याठिक्कर खोडावर खालपासून वरपर्यंत हिरवी लव फुटलेली पाहून मी तिथं रडले होते. पण सावली कमी आणि सोयी मोजक्या आहेत, त्यामुळे जुलैत आई-बाबांना तिथं न्यायची घाई करू नका.

उत्तरेला जायचंच असेल तर चार रात्री काढा. जाताना हम्बोल्ट रेडवुड्समध्ये, फाउंडर्स ग्रोव्हपाशी थांबा. तिथं १९९१ मध्ये कोसळलेला डायरव्हिल जायंट आडवा पडलेला आहे. साडेतीनशे फुटांहून लांब झाड उभं असताना कळत नाही, आडव्या झाडाच्या कडेनं चालताना कळतं. मुक्काम युरेका किंवा आर्केटाला करा. तिथून पुढं प्रेअरी क्रीक पार्कमध्ये ‘बिग ट्री’ नावाचं झाड पाहायला गाडीतून उतरून दोन मिनिटं चालावं लागतं, आणि माळावर रूझवेल्ट एल्कचे कळप चरत असतात. त्यांच्यापासून निदान पंचाहत्तर फूट लांब राहा. तिथल्या फर्न कॅनियन नावाच्या घळीत जायला उन्हाळ्यात आधी परवाना काढावा लागतो. आणि सायकलवाल्या मुलासाठी एक खास गोष्ट: ऑक्टोबर ते मे, महिन्याच्या पहिल्या शनिवारी प्रेअरी क्रीकमधला न्यूटन बी. ड्रूरी पार्कवे मोटारींसाठी बंद असतो. दहा मैलांचा डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना हजार वर्षांची झाडं आणि एकही गाडी नाही. जुन्या झाडांमधून सायकल चालवायची ही माझ्या माहितीतली सगळ्यात चांगली संधी. जुलैत ती नाही, ऑक्टोबरात आहे. निघण्यापूर्वी तारीख मात्र पार्ककडून पक्की करून घ्या.

आता डब्याचं. सांगलीहून भडंग आल्याशिवाय राहणार नाही. ती नेमून दिलेल्या टेबलांवरच खा आणि उठताना खाली सांडलेला एकेक चुरमुरा उचला. हे मी स्वच्छतेच्या हौसेपायी सांगत नाही. मार्बल्ड मरलेट नावाचा समुद्रपक्षी अंडं घालायला मैलोन् मैल आत येऊन जुन्या रेडवुडच्या शेवाळलेल्या जाड फांदीवर बसतो. एका विणीत एकच अंडं. त्याचं झाडावरचं घरटं कुणाला ठाऊकच नव्हतं, ते १९७४ मध्ये बिग बेसिनमध्ये सापडलं. आपण सांडलेल्या खाऊवर ‘स्टेलर्स जे’ नावाचे निळे पक्षी आणि डोमकावळे वाढतात आणि तेच ही अंडी खातात. जुलै हा त्यांच्या विणीचाच काळ.

आणि पॉयझन ओक. तीन-तीन पानांचं, चकचकीत, वाटेच्या कडेला सगळीकडे. आईंना सांगा की हे बिबव्याच्या कुळातलं आहे आणि बिबवा उततो तसंच उततं, त्या लगेच सावध होतील. त्याचं तेल बुटाच्या नाडीला, सायकलच्या दांड्याला चिकटून राहतं आणि घरी आल्यावर हाताला लागतं. म्हणून परतल्यावर आंघोळीबरोबर सायकलही पुसून घ्या. मोजे पँटवर ओढून घेतले तर गोचिडांपासूनही बचाव होतो.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी येत असतील, तर डिसेंबरात एक सकाळ ओकलंडच्या राइनहार्ट रेडवुड पार्कसाठी ठेवा. स्ट्रीम ट्रेलवर हिवाळ्यात हजारो लाल ठिपकेदार ढालकिडे एकत्र येऊन झुडपांवर, कुंपणाच्या खांबांवर थरावर थर करून झोपतात. सुरुवातीची वाट डांबरी आहे, पण किडे दिसतात ती जागा बरीच आत आहे. बाबा मैलभर चालतात म्हणालात ना, जाऊन-येऊन त्यापेक्षा जास्त होईल. तेव्हा त्यांच्यासाठी घडीची खुर्ची खांद्याला अडकवून घ्या आणि निम्म्यात एकदा बसवा.